तळघरातील पडदा

स्टीव्ह मॅक्क्वीन या दिग्दर्शकाचा ‘ब्लिट्झ’ हा बोलपट २०२४ साली पडद्यावर आला, तेव्हापासून त्याच्यावर एक आरोप होत आला आहे. १९४० च्या लंडनमध्ये काळे-सावळे चेहरे घुसडून त्याने म्हणे इतिहासाला आजच्या फॅशनचा अंगरखा चढविला! हा आरोप आम्हांस मुळीच मान्य नाही. मात्र तो खोडून काढताना बचावपक्षालाही आम्ही मोकळे सोडणार नाही.

दारूगोळ्याच्या कारखान्यात राबणारी रीटा आपल्या नऊ वर्षांच्या मुलाला बाँबवर्षावापासून दूर, खेड्याकडे धाडते. मुलगा काळ्या बापाचा. तो वाटेत आगगाडीतून उडी टाकून घराकडे परततो. त्याला भेटतो ईफे, हा नायजेरियाचा हवाई हल्ला संरक्षक. आश्रयस्थानात काही गोरे लोक आपल्या आणि परक्या वर्णाच्या शेजाऱ्यांच्या मध्ये चादरीचा पडदा बांधतात. बाँब डोक्यावर, आणि खाली हा पंक्तिभेद! ईफे तो पडदा उतरवायला लावतो.

हाच प्रसंग आक्षेपकांना बनावट वाटणार. परंतु ईटा एकपेन्यॉन या नावाचे गृहस्थ खरोखरच होऊन गेले. ते नायजेरियातून कायद्याच्या अभ्यासासाठी लंडनला आले आणि युद्धकाळात मॅरिलबोन भागात संरक्षक झाले. परदेशीयांना येथून घालवा, अशी मागणी आश्रयस्थानातील काहींनी कशी केली आणि आपण तो तंटा कसा मिटविला, हे त्यांनी १९४३ साली छापलेल्या पुस्तिकेत नमूद करून ठेवले आहे. प्रत्यक्ष साक्षीदाराची लेखी जबानी! यापुढे पुराव्याचा बोजा आरोप करणाऱ्यांवर.

त्यांना दोष काढायचाच असेल तर एक खरा दोष आम्हीच दाखवितो. चित्रपटाची कथा सप्टेंबर १९४० ची. पण त्यात जे ‘कॅफे द पारी’ उद्ध्वस्त होते, त्यावर बाँब पडला ८ मार्च १९४१ रोजी. त्या रात्री वाद्यवृंदाचा नायक केन जॉन्सन हा ब्रिटिश गियानाचा तरुण वयाच्या २६ व्या वर्षी ठार झाला. तारीख सहा महिने मागे ओढणे ही दिग्दर्शकाने घेतलेली मुभाच. परंतु तारीख चुकली म्हणून जॉन्सन काही गोरा ठरत नाही. उलट, १९४२ चा ‘मिसेस मिनिव्हर’ कॅलिफोर्नियात उभारलेल्या खोट्या इंग्लंडात चित्रित झाला आणि त्याने सहा ऑस्कर पटकाविले. त्या गोऱ्या चित्राकडे दाखला मागण्याची गरज मात्र कोणास वाटत नाही.

आता बचावपक्ष. ही मंडळी चेहरे मोजून संतुष्ट होतात. जणू काळा माणूस पडद्यावर दिसणे ही त्याच्यावर केलेली मेहेरबानीच. येथे प्रश्न मेहेरबानीचा नाही, साक्षीचा आहे. आणि साक्षीच्या कसोटीवर हा चित्रपटही अपुराच उतरतो, कारण त्यात भारतीय माणूस जवळपास पार्श्वभूमीपुरताच आहे. वस्तुतः सेंट पँक्रसमध्ये कृष्ण मेनन स्वतः संरक्षकाचे काम करीत होते. रीजंट्स पार्कनजीकच्या ५० क्रमांकाच्या रुग्णवाहिका ठाण्यावर मुख्यतः भारतीयच राबत होते.

आणि ब्रिटिश व्यापारी जहाजांवरचे खलाशी? त्यांतील सुमारे चौथा हिस्सा भारतीय ‘लस्कर’. त्यांच्याबरोबर आमचे गोमंतकीयही होते. मुंबईच्या ‘कूड’ नामक वसतिगृहांतून निघून ते बोटींवर आचारी आणि वाढपी म्हणून चढत. कायद्याने ते पोर्तुगालचे प्रजाजन, पण पाणतीरांचा मारा सोसला तो इंग्रजांच्या बोटींवर. (पाणतीर प्रजाजनत्वाचा दाखला पाहात नाही!) गोऱ्या खलाशाच्या वेतनाच्या मानाने अगदी तुटपुंजे वेतन मिळते म्हणून १९३९ साली लस्करांनी ब्रिटिश बंदरांत संप केला, तेव्हा कित्येकांना तुरुंगात जावे लागले.

युद्धकालीन घरगुती जीवनाच्या इंग्रजी चित्रपटांत शिधापत्रिका येते, चहाची किटली तर हमखास येते. तो चहा समुद्र ओलांडून कोणी आणला, एवढे विचारण्याचा हक्क आम्ही राखून ठेवतो.