वापसा पाहून पेरा

भटभिक्षुकांना आणि बुवामहाराजांना कडू शब्द सांगण्याचे काम आमच्या लोकांनी दीडशे वर्षे केले. आज ते शब्द आम्हांस आमच्याच घरच्या शिकलेल्या पोरांस सांगावयाचे आहेत. ज्यांस राग येईल त्यांस खुशाल येवो. पण त्यांनी लेख शेवटपर्यंत वाचावा.

हदगाव तालुक्यातले कोणतेही गाव घ्या. कापूस, सोयाबीन, हळद पिकविणाऱ्या कुणब्याचे घर घ्या, नाहीतर सुताराचे, कुंभाराचे घ्या. पोरगा नांदेडला शिकून येतो. जोतीरावांचे पुस्तक वाचतो, व्याख्याने ऐकतो. देवाला दलाल लागत नाही, हे त्यास पटते. फार चांगले झाले! मग गावी आल्यावर त्याचा पहिला पराक्रम कोणता? आजीच्या देव्हाऱ्यातले टाक उचलून उकिरड्यावर टाकणे, आईच्या उपासाची चारचौघांत टिंगल करणे, माहूरला निघालेल्या चुलत्यास 'अडाणी' म्हणणे. आणि रात्री पारावर बसून फुशारकी मारणे की, आज मी घरात सत्यशोधन केले! अरे शहाण्या, सत्य शोधलेस की म्हातारीस रडविलेस?

पुढे काय होते तेही पाहा. आजी दुसऱ्या दिवशी बुवाचे दार गाठते. पोराला बाहेरची बाधा झाली असे बुवा सांगतो, ताईत देतो, उतारा सांगतो आणि म्हातारीच्या कनवटीचे पैसे काढून घेतो. काल जी वर्षातून एकदा त्याच्याकडे जात होती, ती आज दर अमावास्येला जाऊ लागते. पोराच्या शौर्याचा नफा कोणाच्या पदरात पडला, याचा हिशेब ज्याचा त्याने करावा. आमच्या मते बुवाबाजीला उतावळ्या सुधारकासारखा दुसरा फुकटचा गडी मिळणार नाही.

यावर हे वीर उत्तर देतात, "काय करावे, गाढवापुढे वाचली गीता!" आम्ही विचारतो, गाढव कोण? जिने दुसऱ्याच्या शेतात खुरपून तुझी फी भरली ती? शूद्रास अक्कल नाही, त्यास ज्ञान सांगून उपयोग नाही, हेच भिक्षुकशाहीने आम्हांस हजार वर्षे ऐकविले. तेच वाक्य आज आमचा मुलगा आपल्या आईस ऐकवितो. जानवे नाही म्हणून काय झाले? सोवळे तेच आहे.

कोणी म्हणेल, जोतीरावांनी तरी कुठे गोड भाषा वापरली? त्यांनी तर असूड उगारला. होय, उगारला, पण कोणाच्या पाठीवर? लुटणाऱ्याच्या पाठीवर, लुटल्या जाणाऱ्याच्या नव्हे. अज्ञानी कुणब्यापाशी ते बसत, त्यास शंका काढू देत. 1873 सालची 'गुलामगिरी' उघडून पाहा: धोंडिबा विचारतो आणि जोतीराव सांगतात. त्याच वर्षी 24 सप्टेंबरला सत्यशोधक समाज निघाला आणि 25 डिसेंबरला भिक्षुकावाचून पहिले लग्न लागले. लोकांस शिव्या देऊन नव्हे, तर भटावाचून संसार उभा राहतो हे करून दाखवून त्यांनी गावोगावची भीती घालविली.

1888 साली त्यांस पक्षाघात झाला, उजवा हात गेला. तेव्हा त्यांनी डाव्या हाताने 'सार्वजनिक सत्यधर्म पुस्तक' लिहिले. ते त्यांच्या मृत्यूनंतर 1891 साली छापले गेले. त्यात एका घराची गोष्ट आहे, ती प्रत्येकाने ध्यानात धरावी. त्या घरात बायकोने हवे तर बुद्धाचा धर्म घ्यावा, नवऱ्याने ख्रिस्ती व्हावे, मुलीने महंमदी व्हावे, मुलाने सत्यधर्मी व्हावे. आणि कोणी कोणाचा हेवा अथवा द्वेष न करता सर्वांनी एका घरात प्रेमाने राहावे. लकवा झालेल्या ज्या माणसाने डाव्या हाताने हे लिहिले, त्याचे नाव घेऊन तू आजीचे टाक उकिरड्यावर टाकतोस?

गाडगेबाबांकडे पाहा. जातीने परीट, हातात खराटा. दिवसा गाव झाडावयाचे आणि रात्री त्याच गावात कीर्तन करावयाचे, हा त्यांचा क्रम. कीर्तनात उपदेश थोडा, प्रश्न फार. बाबा विचारीत आणि उत्तर लोकच देत. स्वतःच्या तोंडून निघालेले उत्तर मग लोकांस नाकारता येत नसे. आणि त्यांनी आधी घरचे केले. मुलीच्या बारशाला जातीच्या चालीप्रमाणे दारू-मटण न घालता गोडाधोडाचे जेवण घातले. बोलण्याचा अधिकार त्यांनी असा कमाविला होता.

बोली कोणती, हाही प्रश्न आहे. महानुभावांच्या केशिराजांनी ग्रंथ संस्कृतात लिहिण्याचे मनात आणले, तेव्हा नागदेवाचार्यांनी त्यांस अडविले. कारण त्याने म्हाताऱ्या बाया वंचित होतील. आमचे विद्वान मात्र चुलीपाशी बसलेल्या आईपुढे 'वैज्ञानिक दृष्टिकोन' हे शब्द फेकतात. तिच्यापुढे मंत्रही तसाच आणि हेही तसेच. दोन्ही तिला कळत नाहीत!

आता दुसऱ्या बाजूचे लोक खूश झाले असतील. ते म्हणतील, "आम्ही तेच म्हणतो, कोणाच्या भावना दुखवू नका, गप्प राहा." त्यांस आमचे उत्तर असे की, धीर म्हणजे मौन नव्हे. बाबासाहेबांनी 13 ऑक्टोबर 1935 रोजी येवल्यास सांगितले की, हिंदू म्हणून मरणार नाही. आणि 14 ऑक्टोबर 1956 रोजी नागपुरास दीक्षा घेतली. एकवीस वर्षे! त्या काळात त्यांनी धर्म पारखले, लोकांस समजाविले, शंकांस उत्तरे दिली. पण येवल्याचा शब्द तसूभर मागे घेतला नाही. याला आम्ही धीर म्हणतो. आणि 1978 साली नामांतराच्या दंगलीत याच नांदेड जिल्ह्यात ज्यांची घरे जळाली, त्यांस कोणी 'सबुरीने घ्या' असे शिकवू नये. धीर धरावयाचा तो आजीच्या श्रद्धेशी, जुलमाशी नव्हे.

तसेच जिवाची गोष्ट आली की वाट पाहणे पाप आहे. पऱ्हाटीत निंदताना बाईस पान लागले, तर मांत्रिकाच्या दारी तिला क्षणभर ठेवू नका. गाडी काढा आणि सरकारी दवाखाना गाठा. साप, विंचू, कुत्रा चावलेल्यास डॉक्टरकडे जाऊ न देता मंत्रतंत्र करणे हा 2013 च्या कायद्याने गुन्हा आहे. त्या कायद्यासाठी शांतपणे बोलणारे, पण न हटणारे डॉ. नरेंद्र दाभोलकर वर्षानुवर्षे झटले. 20 ऑगस्ट 2013 रोजी पुण्यात त्यांचा खून झाला, आणि त्यानंतर कायदा आला. मऊ बोलणाऱ्याची भीती कोणास वाटते, ते यावरून ओळखा.

तेव्हा आमचे सांगणे थोडक्यात असे. मृगाचा पहिला शिडकावा झाला की उतावळा मनुष्य पेरून मोकळा होतो. पाऊस दडी मारतो, बी करपते आणि दुबार पेरणीचे कर्ज बोकांडी बसते. जाणता शेतकरी वापसा येईपर्यंत तिफण धरीत नाही. माणसाच्या मनासही वापसा येतो. मयताच्या दिवशी, रडत्या माणसापुढे वाद घालू नका. पण तेरवीचे कर्ज फेडताना बाप एखाद्या संध्याकाळी आपण होऊन म्हणेल, "हे एवढे करावयास पाहिजे होते काय रे?" तेव्हा जवळ बसा आणि बोला. शिव्या न देता, त्याच्या बोलीत, त्याच्या हिशेबाने बोला. तोही काही सांगेल ते ऐका. वारी करणाऱ्या म्हाताऱ्यास माणुसकीचे चार धडे आपल्याहून अधिक ठाऊक असतात. तुमचे लग्न तुम्ही कर्जावाचून आणि दक्षिणेवाचून करा. त्याचा पुरावा गाव आपोआप पाहील. इतके करूनही आईस पटले नाही, तर तिचा दिवा तिला लावू द्या. तिच्या देव्हाऱ्याने तुमचे सत्य विझत नाही. विझत असेल, तर ते सत्यच नव्हते!

टाक फेकावयास एक क्षण पुरतो. आईने एक दिवस स्वतःच्या हाताने बुवाचा ताईत सोडून ठेवावा, यास कदाचित दहा वर्षे लागतील. ज्याची दहा वर्षे थांबण्याची तयारी नाही, त्याने जोतीरावांचे नाव घेऊ नये.