काचेतला सफाईवाला

वडील शिरोली एमआयडीसीत फौंड्रीत वाळूचे काम करतात. त्यांचा डबा पोचवायला जाते तेव्हा एका कचेरीतली काचेची मत्स्यपेटी दिसते. तळाशी दोन-तीन इंचांचा मिशाळ मासा असतो : कॉरीडोरस, दुकानदारांच्या भाषेत ‘कॉरी’. मूळचा दक्षिण अमेरिकेतल्या नद्यांतला. अंगावर हाडांच्या पट्ट्यांच्या रांगा, जणू चिलखतच!

त्याला वेगळे खाणे कोणी घालत नाही. ‘तो घाण खाऊन जगतो,’ असे सर्रास सांगतात. मला हे साफ नामंजूर आहे. कॉरी विष्ठा खात नाही. मिशांनी वाळू चाचपून अळ्या-किडे शोधतो. पाण्यात प्राणवायू कमी पडला, की वर येऊन हवा गिळतो आणि आतड्यातून ती शोषून घेतो. लोक म्हणतात, केवढा काटक! पण काटक आहे म्हणून गढूळ पाण्यातच ठेवायचा, हा कुठला न्याय? (फौंड्रीतल्या धुळीविषयीही असेच बोलतात : ‘त्यांना सवय असते.’)

शिवाय हा गटाने राहणारा जीव. तेव्हा मित्रहो, आणायचेच तर पाच-सहा आणा, बारीक वाळू घाला, तळाशी बसणारे खाद्य द्या. आणि नकोसे झाले तर दुकानात परत करा. पंचगंगेत सोडू नका.