गणिताला भाषा असते

‘गणिताला भाषा नसते’ हे वाक्य आम्हा बदलीवरच्या सरकारी नोकरांच्या बैठकींतून इतक्या सहजपणे उच्चारले जाते की, ते खरे आहे की नाही हे तपासण्याचे कष्ट कोणीच घेत नाही. आमच्या मते ते खोटे आहे. आणि परप्रांती आलेल्या आमच्या मुलांचे त्याने प्रत्यक्ष नुकसान होत आहे.

भिलाईच्या हुडको वसाहतीत हे नुकसान आम्हास नित्य दिसते. महाराष्ट्रातील मराठी शाळेत गणितात पुढे असलेला मुलगा वडिलांच्या बदलीपायी येथे येतो. पुस्तक इंग्रजी, गुरुजींचे विवेचन हिंदी आणि घर मराठी! पहिल्याच चाचणीत गुण घसरतात, ‘गणितात कच्चा’ असा शिक्का बसतो आणि मुलाची रवानगी शिकवणीत होते. तेथे काय मिळते? तीच उदाहरणे, त्याच अनोळखी शब्दांत, दुप्पट वेळा.

वस्तुतः मुलाला गणित येत असते. अडतात ते शब्द. त्याच्या अपूर्णांकाला हिंदीत ‘भिन्न’ म्हणतात आणि छेदाला ‘हर’. मराठी कानाला भिन्न म्हणजे निराळे आणि हर म्हणजे महादेव! आपली मूळ संख्या तेथे ‘अभाज्य’ होते, हातचा ‘हासिल’ होतो. आयताचा कर्ण आणि काटकोन त्रिकोणाचा कर्ण यांना आपण एकच नाव देतो. हिंदीत पहिला ‘विकर्ण’ ठरतो. इंग्रजीत ‘डायगोनल’ आणि ‘हायपॉटेनूज’ या दोन शब्दांत कसलेच नाते दिसत नाही. एवढा उलगडा कोणी केला नाही, तर मुलाने काय करावे?

संख्यांच्या नावांतही भाषा आहेच. ‘सत्तावीस’ म्हणताना आपण सात आधी उच्चारतो, लिहिताना दोन आधी लिहितो. इंग्रजीत दोन्ही क्रम जुळतात. २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात ‘वीस सात’ असे वाचन आले, तेव्हा महाराष्ट्रात केवढे वादळ उठले! गणित समितीच्या अध्यक्षा मंगला नारळीकर यांना टीका सोसावी लागली. त्या उपायाविषयी मतभेद असोत. पण गणिताला भाषा नसती, तर हा वाद उद्भवलाच नसता.

यावर आमचे काही बंधू म्हणतात, ‘मुलांना प्रथमपासून इंग्रजी शाळेत घाला, म्हणजे झाले.’ पण येथील इंग्रजी शाळेतला मुलगा उद्या इंग्लंडात गेला, तर? त्याचा १,००,००० हा लाख तेथे कोणास कळत नाही. स्वल्पविराम सरकून १००,००० होतात. सोळाव्या वर्षीच्या जीसीएसई परीक्षेत गणिताच्या तीन प्रश्नपत्रिकांपैकी दोहोंत गणकयंत्र चालते. येथे दहावीला त्यास मज्जाव. उत्तर चुकले तरी रीतीला गुण मिळतात, म्हणून मनातल्या मनात हिशेब करणारा हुशार मुलगा तेथे मागे पडू शकतो. तेव्हा दोष मराठीचा नव्हे. एका अभ्यासक्रमातून दुसऱ्यात जाणाऱ्या प्रत्येक मुलाला आधी दुभाषा हवा असतो.

बदलीच्या नोकरांची ही अडचण सरकारने पूर्वीच ओळखली. समान अभ्यासक्रमाच्या केंद्रीय विद्यालयांची योजना १९६३ साली २० शाळांनिशी सुरू झाली, ती याचसाठी. परंतु तेथेही माध्यमे हिंदी व इंग्रजी. मराठी शाळेतून प्रथमच तेथे जाणाऱ्या मुलाचा हात धरणे हे घरच्यांचेच काम राहते.

ते अवघडही नाही. एका वहीत तीन रकाने आखावेत: मराठी, हिंदी, इंग्रजी. नव्या धड्यातील शब्द रोज रात्री आई-वडिलांनी मुलासोबत त्यात उतरवावेत. परप्रांतीच्या महाराष्ट्र मंडळांनी गणेशोत्सवाच्या खर्चातून थोडे वाचवून अशी शब्दावली छापावी. आणि शिकवणीच लावायची, तर शिक्षकास प्रथम एवढेच विचारावे: ‘आमच्या मुलाला त्याच्या भाषेत उदाहरण घालून पाहिलेत काय?’ ‘घरी मराठी बोलणे बंद करा’ असा सल्ला जो देईल, त्याच्या पायरीवरून सरळ परत फिरावे. ज्या भाषेत मुलाला गणित कळले, तीच तोडून त्याला नवे गणित शिकवण्याची ही रीत आम्हास मान्य नाही.