दुकान कोणाचे?

दहावीचा निकाल लागला की आमच्या कापड बाजारात नवे चेहरे दिसू लागतात. कोणी अब्बांच्या गादीवर येऊन बसतो, कोणी मामूंच्या सायझिंगवर जातो, कोणी भाईजानबरोबर सुताच्या दलालीला लागतो. सोळा-सतरा वर्षांची ही पोरे तरतरीत असतात. दोन-चार महिन्यांत धागा हातात धरून काउंट सांगतात. कोणती पार्टी वेळेवर पैसे देते आणि कोणती फिरवते, हे त्यांना तोंडपाठ होते. त्यांना एक साधा प्रश्न विचारून पाहावा. बेटा, हे दुकान कोणाचे? उत्तर येते, ‘घरचे.’ घरचे म्हणजे कोणाचे? एकट्या अब्बांचे? अब्बा आणि चाचा दोघांचे? त्यात तुझा वाटा आहे काय? इथे मुलगा गप्प होतो. पुष्कळदा बाजूला बसलेले अब्बाही गप्प होतात.

धंद्याची मालकी किती प्रकारची असते, प्रत्येक प्रकारात नफा कोणाचा, कर्ज कोणाच्या डोक्यावर आणि मालक मेल्यावर काय होते, हे शाळेत शिकवले पाहिजे, आणि ते नववी-दहावीतच शिकवले पाहिजे, असे आमचे मत आहे. अकरावीला वाणिज्य शाखेत हा धडा आहेच, असे कोणी म्हणेल. आहे. एकल व्यापारी, भागीदारी, संयुक्त हिंदू कुटुंब, सहकारी संस्था आणि संयुक्त भांडवली संस्था असे प्रकार मुले तिथे घोकतात. पण ज्याला या धड्याची खरी गरज, तो मुलगा अकरावीला पोहोचतो कुठे? तो दहावीनंतर दुकानात नाही तर कारखान्यात गेलेला असतो. जो पुढे शिकतो तो बहुधा नोकरीची वाट धरतो. म्हणजे धंद्याचा धडा नोकरी करणाऱ्याला, आणि धंदा करणाऱ्याला काहीच नाही, असा हा उलटा कारभार आहे.

२०१८ साली दहावीच्या गणिताचे नवे पुस्तक आले. त्यात अर्थनियोजनाचे प्रकरण घातले गेले. जीएसटीचे बिल, शेअरची दर्शनी किंमत, दलाली, म्युच्युअल फंड. चांगली गोष्ट झाली. परंतु मुलगा कुठल्याशा कंपनीच्या शंभर शेअरचा लाभांश काढायला शिकतो, आणि रोज संध्याकाळी ज्या गल्ल्यावर बसतो त्या गल्ल्याचा मालक कोण, हे त्याला सांगता येत नाही.

आमच्या मुलांची आणखी एक अडचण आहे, आणि ती पुष्कळ शिक्षकांच्याही ध्यानात येत नाही. अकरावीच्या पुस्तकात कौटुंबिक धंदा म्हणून जो प्रकार येतो तो संयुक्त हिंदू कुटुंबाचा. त्यात कुटुंबाचा कर्ता कारभार पाहतो आणि वडिलोपार्जित मालमत्तेत मुलाचा हक्क जन्मापासून असतो. २००५ पासून मुलीचाही आहे. मुस्लिम मुलगा हे वाचतो आणि मनाशी म्हणतो, आमचेही असेच. आमचे असे नाही. आपल्या कायद्यात संयुक्त कुटुंब नावाची मालक संस्थाच नाही. बाप हयात असेपर्यंत त्याच्या दुकानात मुलाचा जन्मसिद्ध हक्क शून्य. आणि बापाने डोळे मिटले की त्याच क्षणी सगळे वारस आपापल्या हिश्शाचे मालक. विधवा, मुलगे, मुली, सगळे. १९३७ च्या शरियत कायद्याने भारतातल्या न्यायालयांतही हेच चालते.

याचे गणित वर्गात फळ्यावर मांडावे असे आहे. समजा, अब्बांच्या एकट्याच्या नावावर दुकान आहे. मागे बीवी, दोन मुलगे, एक मुलगी. अब्बांचे आई-वडील हयात नाहीत. कफन-दफन, सगळे कर्ज आणि वसियत असल्यास ती वजा जाता २४ लाख राहिले. (बीवीचे मेहर बाकी असेल तर तेही कर्जच आहे आणि आधी फेडायचे आहे, हे इथे मुलांना जरूर सांगावे.) बीवीला आठवा हिस्सा, ३ लाख. राहिलेल्या २१ लाखांत दोन-दोन-एक या हिशेबाने मुलांना ८ लाख ४० हजार प्रत्येकी आणि मुलीला ४ लाख २० हजार. आता थोरल्याने वीस वर्षे याच गादीवर घाम गाळला आणि धाकटा परगावी मास्तरकी करत होता. दोघांना सारखेच. थोरला म्हणतो, दुकान मी वाढवले. खरे आहे, पण ते कागदावर कुठे आहे?

तेच अब्बांनी हयातीत थोरल्याला रीतसर भागीदार करून घेतले असते, त्याचा वाटा चाळीस टक्के लिहिला असता, तर त्या दौलतीतले ९ लाख ६० हजार त्याचे स्वतःचे ठरले असते आणि वाटणी फक्त अब्बांच्या उरलेल्या १४ लाख ४० हजारांची झाली असती. यात कोणावर अन्याय नाही. मात्र हाच कागद काही लोक मुलींचा हिस्सा बुडवण्यासाठी वापरतात. मरणापूर्वी सहा महिने सगळे दुकान मुलांच्या नावे भागीदारीत दाखवायचे आणि बहिणीला साडी-चोळीवर वाटेला लावायचे. ती शराकत नव्हे, ती चोरी आहे. वर्गात मुलीही बसलेल्या असतात, त्यांनाही हे ऐकू द्यावे.

भागीदारीचा धडा आम्ही सर्वांत जास्त वेळ शिकवू, कारण आमचा बाजार त्यावरच चालतो आणि त्यावरच फुटतो. भारतीय भागीदारी कायदा १९३२ चा आहे. तो सांगतो की भागीदारी कराराने होते, नात्याने होत नाही. अब्बांच्या मागे तीन भावांनी दुकान चालू ठेवले एवढ्याने ते भागीदार होत नाहीत. ते सहमालक असतात. हा फरक पोटच्या मुलांना ठाऊक नसतो आणि भांडण वकिलाकडे गेल्यावर कळतो.

करार तोंडी असला तरी चालतो. पण वाटा किती हे सिद्ध करता आले नाही, तर कलम १३ प्रमाणे नफा आणि तोटा दोन्ही सारखे. एकाने आठ लाख घातले आणि दुसऱ्याने दोन लाख, तरी सारखे. दिवसभर दुकानात राबणाऱ्या भागीदाराला पगारही नाही, लिहून ठेवला असेल तरच. आपल्याकडे मुजारबतचा रिवाज जुना आहे: भांडवल एकाचे, मेहनत दुसऱ्याची, नफा ठरल्याप्रमाणे, आणि धंद्यात खोट आली तर ती भांडवलवाल्याची, कारण दुसऱ्याची मेहनत वाया गेलेलीच असते. फार शहाणा नियम आहे. पण मोहल्ल्यात दोघांनी हात मिळवून ठरवलेली ही मुजारबत कोर्टात दाखवायची कशी? मेहनतवाल्याला निम्मा तोटा भरायची पाळी येऊ शकते. तो गरीब असतो म्हणूनच त्याने दुसऱ्याचे भांडवल घेतलेले असते.

पुढे कलम २५. फर्मच्या कर्जाला प्रत्येक भागीदार पूर्ण जबाबदार. चाचांनी फर्मच्या नावाने सूत उधार उचलले आणि हात वर केले, तर सूतवाला अब्बांच्या घरापर्यंत येऊ शकतो. आणि कलम ६९. फर्मची नोंदणी रजिस्ट्रारकडे झालेली नसेल, तर उधारी बुडवणाऱ्या पार्टीवर फर्मला वसुलीचा दावा लावता येत नाही. शंभर रुपयांच्या वरच्या कोणत्याही रकमेला ही अट आहे. नोंदणी करून नव्याने दावा लावता येतो, पण तोवर तीन वर्षांची मुदत संपलेली नसावी लागते. आम्ही असे पाहिले आहे की लाखोंचा माल परप्रांतात उधार धाडणारी फर्म आहे, जीएसटी आहे, भिंतीवर गुमास्ता लायसन फ्रेम करून लावले आहे, आणि फर्मची नोंदणी मात्र नाही. पुष्कळांना वाटते की गुमास्ता म्हणजेच नोंदणी. मुलाने शाळेतून येऊन हा एक प्रश्न जरी घरी विचारला, तरी त्या धड्याची किंमत वसूल झाली.

कलम ३० तर खास याच वयाच्या मुलांसाठी आहे. अठरा वर्षांखालील मुलाला पूर्ण भागीदार करता येत नाही, पण सगळ्या भागीदारांच्या संमतीने फायद्यापुरते घेता येते. असा मुलगा सज्ञान झाल्यावर, किंवा आपल्याला असे घेतले आहे हे नंतर कळले तर कळल्यापासून, सहा महिन्यांत त्याने जाहीर नोटीस देऊन सांगायचे असते की मी भागीदार होणार की नाही. गप्प बसला तर तो भागीदार झाला, आणि त्याला फायद्यात घेतल्या दिवसापासूनच्या फर्मच्या देण्यालाही जातीने जबाबदार झाला. अठरावे वर्ष लागल्यावर आमची पोरे लायसन काढायला धावतात. या नोटिशीबद्दल त्यांना कोण सांगतो?

एकट्याच्या मालकीचा धडा सोपा वाटतो, पण त्यातही एक गाठ आहे. दुकान चालवतो नवरा आणि जीएसटी, उद्यम, बँक खाते सगळे बीवीच्या नावावर, असे घरोघरी आहे. कारणे निरनिराळी असतात, त्यात आम्ही जात नाही. पण एकल मालकीत मालक आणि धंदा वेगळे नसतात. नोटीस येईल ती तिच्या नावाने येईल, थकलेल्या कर्जात नाव तिचे लागेल. दहावीतली मुलगी उद्या कोणत्या कागदावर सही करणार आहे, हे तिने सहीपूर्वी वाचावे इतके तरी शिक्षण तिला मिळावे.

कंपनीबद्दल दोन तास पुरे. तिचे मुख्य लक्षण असे की मालक मरतो, कंपनी मरत नाही. याचे उदाहरण महाराष्ट्रातच आहे. १९४५ साली मोहम्मद हाशम प्रेमजींनी अमळनेरला वनस्पती तुपाचा कारखाना काढला, तो लिमिटेड कंपनी म्हणून. १९६६ साली ते वारले तेव्हा अझीम प्रेमजी एकवीस वर्षांचे होते आणि अमेरिकेत शिकत होते. साधी भागीदारी असती आणि करारात वेगळे लिहिलेले नसते, तर भागीदाराच्या मृत्यूने ती कायद्याने संपली असती. कंपनी होती म्हणून चालत राहिली; आज ती विप्रो आहे. आता २००८ च्या कायद्याने मर्यादित जबाबदारीची भागीदारी आली, २०१३ च्या कायद्याने एकट्याचीही कंपनी निघते. पण लहान दुकानदाराला दर वर्षीचे कंपनीचे कागद आणि सीएची फी झेपते का, हेही मुलांना हिशेब करून दाखवावे. नावापुढे ‘प्रायव्हेट लिमिटेड’ लावण्याची हौस महाग पडते. कारागिरांच्या मुलांना सहकारी संस्थेचा धडा जास्त उपयोगी. वेगवेगळ्या कुटुंबांतली दहा माणसे एकत्र आली की संस्था नोंदता येते, आणि प्रत्येकाला मत एकच, भाग कितीही असोत.

भाषेचा प्रश्न आमच्या उर्दू शाळांत आहेच. आम्ही स्वतः उर्दूत शिकलो. मुलगा शाळेत ‘शराकत’ वाचतो, तहसीलीत ‘भागीदारी’ ऐकतो आणि स्टॅम्पपेपरवर ‘पार्टनरशिप डीड’ असते. तीन शब्द, वस्तू एक. शिक्षकाने तिन्ही शब्द एका ओळीत फळ्यावर लिहावेत, म्हणजे मुलगा कचेरीत दबणार नाही.

आमचे काही स्नेही म्हणतात की हे शिकवाल तर पोरे बापाकडे वाटा मागायला उभी राहतील. सोळाव्या वर्षी नीट विचारलेला प्रश्न बरा, की चाळिसाव्या वर्षी मय्यतीच्या तिसऱ्या दिवशी सुरू झालेले भांडण बरे? भावांत लिहापढी म्हणजे अविश्वास, असेही म्हणतात. कुरआनातली सर्वांत लांब आयत सूरह बकरामधली २८२ वी आहे आणि ती उधारीचा व्यवहार लिहून ठेवण्याबद्दल आणि साक्षीदारांबद्दल आहे. ज्यांना लिहिण्याची लाज वाटते त्यांनी ती तर्जुम्यासह पुन्हा पाहावी.

सरकार अभ्यासक्रम बदलेल तेव्हा बदलेल. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात सहावी ते आठवीच्या मुलांना दहा दिवस दप्तराविना स्थानिक कारागिरांकडे पाठवण्याची कल्पना आहे, म्हणजे बाजार आणि शाळा यांची भेट सरकारलाही नको नाही. आपल्या संस्थांच्या शाळांत अनेक ठिकाणी विश्वस्त व्यापारीच आहेत. त्यांनी दिवाळीच्या सुटीपूर्वी नववी-दहावीला सहा तास काढून द्यावेत. एक तास सीएने घ्यावा, एक वकिलाने, बाकीचे आपण. येताना आपल्या फर्मच्या भागीदारी पत्राची झेरॉक्स आणावी, हवे तर नावे आणि आकडे खोडून. मुलांना घरी न्यायला एक कोरा कागद द्यावा आणि त्यावर चारच प्रश्न: दुकान किंवा माग कोणाच्या नावावर आहे, वाटे कुठे लिहिले आहेत, फर्म नोंदलेली आहे काय, आणि अम्मीची सही कुठे कुठे आहे. ज्या घरून कागद कोरा परत येईल त्या अब्बांना पुढच्या तासाला शाळेत बोलवावे. चहा आमच्या व्यापारी मंडळातर्फे.