एका खिट्टीसाठी

पद्मिनीच्या पुढच्या दाराला ती तिकोनी क्वार्टर ग्लास असते ना, ती बंद करणारी खिट्टी जेमतेम अंगठ्याएवढी. इंजिन बांधून मिळतं, पत्रा ठोकून सरळ होतो, रंग हवा तसा लागतो. आणि सगळं झालेली गाडी महिनोन् महिने गॅरेजात उभी राहते ती या खिट्टीपायी.

कुर्ल्याच्या कारखान्यात १९६४ पासून फियाट ११०० डिलाइट बनू लागली. तिलाच पुढे १९७४ मध्ये पद्मिनी हे नाव मिळालं. मुंबईतल्या टॅक्सीवाल्यांमुळे पिस्टन, क्लच प्लेट, ब्रेकची रबरं यांना कायम गिऱ्हाईक होतं. खिट्टी तुटली तर मात्र टॅक्सीवाला तार गुंडाळून पुढच्या भाड्याला निघायचा. पोटाचा प्रश्न होता, त्याचं चुकलं नाही. ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईच्या रस्त्यावरून पद्मिनी टॅक्सीही गेली. आता असे बारीकसारीक भाग बनवूनच घ्यावे लागतात.

इथे घाई नडते. जुनी खिट्टी बहुधा जस्ताच्या मिश्रधातूची असते. हा धातू ४०० अंशांच्या आसपासच वितळतो. वेल्डिंगची ज्योत लागली की तुकडा सांधण्याआधीच ओघळतो. मग तीच खिट्टी वाळूत दाबून पितळेत ओतून घेतली जाते. पितळ थंड होताना साधारण दीड टक्का आकसतं. म्हणजे ६० मिलिमीटरच्या तुकड्यात जवळजवळ एक मिलिमीटर गेला, शिवाय बफिंगमध्ये थोडा. खिट्टी दिसते हुबेहूब, पण दात खाचेत बसत नाही आणि गाडीने वेग घेतला की काच खडखडते. पॅटर्नमेकरच्या पट्टीवर हे आकुंचन आधीच धरून आखणी केलेली असते. असा माणूस जवळपास असेल तर आधी त्याच्याकडे जा.

थ्रीडी प्रिंटिंगबद्दल मला बरेच वाचक विचारतात. स्वस्तातलं पीएलए प्लास्टिक ६० अंशांना मऊ पडतं. मे महिन्यात उन्हात उभ्या केलेल्या बंद गाडीत त्याची खिट्टी वाकणारच. पण ओतकामाचा नमुना म्हणून प्रिंटसारखी सोय नाही. मोडकी खिट्टी स्कॅन करायची, झिजलेला दात भरून काढायचा, आकार दीड टक्क्याने वाढवायचा. डाव्या दाराची हाती असेल तर तिचं आरशातलं रूप घेऊन उजवीही निघते. प्रिंट आधी दारावर लावून बघायची, मगच फाउंड्रीत पाठवायची. पिनेचं भोक ओतून घेऊ नये, नंतर ड्रिलने पाडावं. क्रोमवाल्याला खालचा निकेलचा थर नीट द्यायला सांगा. क्रोमचा थर अगदी पातळ असतो, खरा टिकाऊपणा निकेलचा.

खर्च आहेच. एका नगासाठी साचा लावणं कोणत्याही फाउंड्रीला परवडत नाही, पंचवीस जोड्यांसाठी परवडू शकतं. म्हणूनच तयार झालेलं ड्रॉइंग कपाटात दडवून ठेवणारे मालक मला खटकतात. ते दुसऱ्याला दिल्याने आपल्या गाडीची किंमत कमी होत नाही. आणि नव्या खिट्टीच्या आतल्या बाजूला, काचेला टेकते तिथे, बनवल्याचं वर्ष कोरून घ्या. उद्या ती कुणी कारखान्यातली म्हणून विकायला नको. पद्मिनीवाल्यांच्या क्लबांनी या पावसाळ्यात गाड्या झाकलेल्या असतानाच कुणाकडे कोणता मूळ भाग शाबूत आहे याची यादी करावी. मोडके तुकडेही त्यात धरावेत, मापं त्यांच्यावरूनच निघतात.