आधी ट्यूब बंद करा!

लालबाग-परळच्या चाळीतल्या दहा बाय बाराच्या खोलीत कधी शॉर्टफिल्म शूट केलीय? मग पुढचं तुम्हाला पाठ असेल. भर दुपारी खोलीत अंधार. कॅमेरा मागे घ्यावा तर पाठीला कपाट. कुणीतरी ओरडतं, 'अरे, लाइट वाढव!' ट्यूब लागते, रिंग लाइट लागतो, उरलंसुरलं मोबाइलचा नाइट मोड उजळवतो. सगळं लख्ख दिसतं, फक्त ती खोली हरवते.

मित्रांनो, अंधाराला एवढं घाबरू नका. आपल्या सिनेमाचं बाळंतपणच अंधारात झालंय. 'राजा हरिश्चंद्र' १९१३ मध्ये गिरगावच्या कोरोनेशनमध्ये झळकला. त्याआधी दादरच्या घरी फाळके दिवसा उन्हात शूटिंग करायचे आणि फिल्म धुवायची ती अंधाऱ्या खोलीत. त्या कामात सरस्वतीबाईंचे हात होते.

उपकरणं नाहीत, ही सबबही नको. 'अपराजितो'तलं (१९५६) काशीचं घर स्टुडिओत उभारलेलं होतं. चौकात वरून झिरपणारा उजेड आणायचा कसा? सिनेमॅटोग्राफर सुब्रत मित्र यांनी पांढरं कापड ताणलं आणि दिव्यांचा झोत माणसांवर न टाकता कापडावर मारला. परतून आलेला उजेड मऊ, अगदी खरा वाटला. 'कागज के फूल'मध्ये (१९५९) व्ही. के. मूर्तींनी आरशांनी ऊन वळवून अंधाऱ्या स्टुडिओत आणलं. फाळके पुरस्कार मिळालेले ते पहिले सिनेमॅटोग्राफर.

कापड आणि आरसा तर तुमच्याही घरात आहे. तेव्हा आधी ट्यूब बंद करा. पाच मिनिटं नुसतं बसा आणि उजेड कुठून येतो ते बघा. बहुधा गॅलरीच्या दारातून. माणसाला त्या दाराशी, उजेड एका गालावर येईल असं बसवा. दुसऱ्या बाजूला पांढरी चादर धरा. फोनचं एक्स्पोजर चेहऱ्यावर लॉक करून थोडं खाली आणा. कोपरे काळे पडले तर पडू देत. जवळची भिंत अंधारात गेली, की तीच छोटी खोली खोल वाटते.

घाई आहे ती वेगळ्याच कारणानं. एकेक चाळ रीडेव्हलपमेंटला जातेय. टॉवरमध्ये मोठ्या खिडक्या मिळतील, मिळायलाच हव्यात. पण दारातून येऊन आजीच्या ताटापाशी थांबणारा तो उजेड तिथे नसेल. खोली रिकामी करायची नोटीस येण्याआधी तो एकदा टिपून ठेवा. जसा आहे तसा.