संगमावरील होड्या

आमच्या तानसा भागांत पाणी पाहावयाचें, त्यांत उतरावयाचें नाहीं. 1892 सालीं बांधलेल्या धरणामागें तलाव भरून राहतो, मोठमोठ्या नळांतून तें पाणी मुंबईस जातें, आणि शहापूर तालुक्यांतील कित्येक पाडे वैशाखांत टँकरची वाट पाहात बसतात. अशा मुलुखांतील मंडळी होड्यांचा सोहळा पाहावयास पुण्यास गेली, हें वाचून वाचकांस थोडें हसूं येईल. परंतु पुतणी पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयांत शिकते व तिचें नांव वल्हविणाऱ्यांत आहे असें कळल्यावर आत्याबाईंसकट सारें घर निघालें.

या महाविद्यालयाचा बोट क्लब 1928 सालचा. मुळा व मुठा यांच्या संगमापाशीं, बहुधा मार्च महिन्यांत, विद्यार्थी आपला वार्षिक रेगाटा भरवितात. निव्वळ शर्यती असत्या तर आम्हांस लवकरच कंटाळा आला असता. पण एकेकट्या माणसाच्या निमुळत्या कयाक होड्या वाद्यांच्या तालावर वर्तुळ धरीत, मोडीत, पुन्हां जुळत चालल्या, तेव्हां रांगोळी कोणी पाण्यावर काढीत आहे कीं काय असें वाटलें. आमची मुलगी कोणत्या होडींत, हें शेवटपर्यंत ओळखतां आलें नाहीं. वहिनी मात्र प्रत्येक होडीकडे पाहून हात हालवीत होत्या! अंधार पडल्यावर मशाली पेटल्या, तेंही दृश्य सुंदर होतें.

एक गोष्ट लपवून उपयोग नाहीं. वारा फिरला कीं नदीचा दर्प येई. जलपर्णी माजली म्हणजे सरावही अडतो, असें पुतणी सांगत होती. तेथील पाणी संथ राहतें तें खालच्या अंगास असलेल्या बंडगार्डनच्या बंधाऱ्यामुळें. जमशेटजी जीजीभाई यांच्या देणगींतून 1850 सालीं तेथें बंधारा पुरा झाला, तो लोकांस पाणी मिळावें म्हणून. आज तें पाणी कोणी ओठांस लावणार नाहीं.

आमच्या तलावावर पहारा आहे म्हणूनच तो निर्मळ आहे, हें मला मान्य आहे; पिण्याच्या पाण्यांत खेळ मांडावा असें माझें म्हणणें नाहीं. तथापि चांदवड तालुक्यांतील तळेगांव रोहीचे दत्तू भोकनळ मला राहून राहून आठवले. दुष्काळी गांवचा मुलगा. सैन्यांत गेल्यावर वल्हें हातीं धरलें, आणि 2016 सालीं रिओच्या ऑलिंपिकमध्यें तेरावा आला. आमचीं मुलें तर तलावाच्या कांठींच वाढतात. त्यांनीं वल्हें चित्रांतच पाहिलेलें.

कार्यक्रम संपल्यावर पुतणी धांवत आली व तिनें मोठ्या अभिमानानें तळहातावरचे घट्टे दाखविले. आत्याबाईंनीं ते बोटानें चांचपून पाहिले, आणि मग स्वतःचा हात तिच्यापुढें धरला. त्यांचे घट्टे रहाटाच्या दोराचे होते.